तेजू नदीपलीकडची तटबंद गावे

पणजीच्या मोठ्या चर्चच्या पायऱ्या उतरून खाली आले की जवळच एक आटोपशीर बाग लागते. सायंकाळी तेथे मुले बागडतात. सेवानिवृत्त मंडळी बाकांवर बसून वर्तमानपत्रे चाळीत असतात. बागेला गार्सिया द ओर्ता ह्याचे नाव आहे. लग्नानंतर प्रथमच सासुरवाडीस गेलो असता ह्या बागेत बसून मी मेहुण्यांना विचारले होते, "हा ओर्ता कोण हो?" "असेल कुणी पोर्तुगीज," असे म्हणून त्यांनी विषय शेंगदाण्यांच्या पुडीकडे वळविला.

पुढे कित्येक वर्षांनी त्या नावाशी पुन्हा गाठ पडली. हा ओर्ता वैद्य होता. १५३४ साली तो गोव्यास आला आणि अखेरपर्यंत आपल्याच देशात राहिला. आंबा, नारळ, हळद, आले, मिरे, विड्याचे पान, भांग अशा आपल्या नित्याच्या वस्तूंचे गुणधर्म त्याने दोन वैद्यांच्या संभाषणाच्या रूपाने लिहून काढले, आणि ते पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापले गेले. हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी ते एक होय. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी तो औषधोपचारासाठी जात असे. मुंबईचे बेट त्याला खंडाने मिळाले होते, आणि तेथील कुळाने आंब्यांची करंडी आणल्याचा प्रसंगही ह्या पुस्तकात आहे. असा हा आंब्याचा जाणकार मूळचा कुठला? तर पोर्तुगालच्या पूर्व सीमेवर, स्पेनला खेटून असलेल्या कास्तेलु द विद नावाच्या डोंगरी गावचा.

तेव्हापासून ते गाव पाहावे असे मनात होते. माझा पुतण्या नोकरीनिमित्त लिस्बनला राहतो. त्याने आम्हां उभयतांना बोलावले तेव्हा मी त्याला पहिल्याच पत्रात गावाचे नाव कळवून टाकले. आम्ही तेथे पोचलो ते जुलैत.

"काका, ह्या दिवसांत तिकडे कुणी जात नाही," तो म्हणाला. "सगळे पोर्तुगाल समुद्राकडे धावते, आणि तुम्ही उलट दिशेने निघालात!"

"अरे, आम्ही सोलापूरची माणसे. आम्हांला तू उन्हाचे काय सांगतोस?"

ह्या एका वाक्याबद्दल पुढचे चार दिवस मला सौभाग्यवतींकडून पुष्कळ ऐकून घ्यावे लागले.

लिस्बन सोडताना तेजू नदी ओलांडावी लागते. तिच्या मुखावरचा नवा पूल १९९८ साली खुला झाला. लांबी, दोन्ही बाजूंचे जोडमार्ग धरून, सुमारे १७ किलोमीटर. वास्को द गामा कालिकतला पोचला त्यास त्या वर्षी ५०० वर्षे झाली होती, म्हणून पुलाला नाव त्याचेच. पुलापलीकडच्या मुलखाला अलेंतेजू म्हणतात, म्हणजे सरळ अर्थाने 'तेजूच्या पलीकडचा'. देशाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा भूमी ह्या प्रांताने व्यापली आहे, पण वस्ती अगदी विरळ. तासन् तास मोटार चालते आणि दोन्ही बाजूंना वाळलेल्या गवताची पिवळी माळराने, त्यांत अंतराअंतरावर उभे असलेले गडद हिरवे वृक्ष, आणि विजेच्या खांबांवर करकोच्यांची मोठमोठी घरटी. माण-खटावच्या बाजूने उन्हाळ्यात प्रवास केलेल्याला हा देखावा फारसा परका वाटणार नाही. मात्र येथील ऊन चेष्टेचे नाही. ह्याच प्रांतातील आमारेलेजा ह्या गावी ऑगस्ट २००३ मध्ये पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. आमच्या सोलापूरनेही तेथे मान खाली घालावी.

ते गडद वृक्ष बुचाचे. पुण्याच्या रस्त्यांवर पांढऱ्या सुवासिक फुलांचा सडा घालणारे आपले बुचाचे झाड निराळे. त्याच्या सालीपासून पूर्वी हलक्या प्रतीचे बूच काढीत, म्हणून त्याला ते नाव पडले. खरे बूच देणारे हे झाड ओक वृक्षाच्या कुळातले. एके ठिकाणी मोटार थांबवून आम्ही जवळून पाहिले. खोडाची साल माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत सोलून काढलेली, आतला भाग विटकरी तांबडा, आणि त्यावर पांढऱ्या रंगाने '३' हा आकडा रंगविलेला. पुतण्याने सांगितले की तो २०२३ सालाचा शेवटचा आकडा. एकदा साल काढली की कायद्याने नऊ वर्षे त्या झाडाला हात लावता येत नाही. तेव्हा ह्या झाडाची पाळी पुन्हा २०३२ साली. रोप लावल्यावर पहिली साल निघण्यास पंचवीसएक वर्षे जातात, आणि ती व तिच्या पुढची साल बाटलीच्या बुचाच्या उपयोगाची नसते. तिसऱ्या वेळची साल चांगली. म्हणजे लावणाराच्या हाती बहुधा काहीच येत नाही; नातवाच्या हाती येते. जगातील बुचापैकी सुमारे निम्मे बूच पोर्तुगाल पुरवितो. साल काढण्याचे काम उन्हाळ्यातच होते. कुऱ्हाडीचा घाव असा नेमका बसावा लागतो की साल फाटावी पण आतल्या गाभ्याला इजा होऊ नये. अजून ते काम हातानेच, आणि ते करणाऱ्यास शेतमजुरांत चांगला मान आहे.

पहिला मुक्काम मोंसाराशला केला. सपाट मैदानातून एकाएकी वर आलेल्या टेकडीच्या माथ्यावर हे गाव बसले आहे. दुरून पाहिले तर टेकडीने पांढरी पगडी घातली आहे असे वाटते. मोटार वेशीबाहेर ठेवावी लागते. आत पाटीच्या काळ्या दगडाने फरसबंद केलेले दोन समांतर रस्ते, त्यांना जोडणारे बोळ, चुन्याने पांढरीशुभ्र केलेली बुटकी घरे, आणि शेवटी किल्ला. सारे गाव पाहण्यास अर्धा तास पुरे. परंतु आम्ही पोचलो दुपारी दोन वाजता, आणि त्या वेळी गावात जागे असे एक मांजर तेवढे होते. खिडक्या, दुकाने, चर्च, सारे बंद. दगडांतून वाफ निघत होती. भिंतीच्या वीतभर सावलीतून एकामागे एक चालत आम्ही उतरण्याचे घर शोधून काढले.

घर मात्र आत शिरताच गार. भिंती हातभर जाड, खिडक्या लहान, आणि चुन्याचे हात वर्षानुवर्षे एकावर एक चढत गेल्याने कोपरे गोलावलेले. आमच्या यजमानीणबाई साठी उलटलेल्या. त्यांनी सायंकाळी जे जेवण वाढले त्याला येथे 'असोर्दा' म्हणतात. शिळ्या पावाचे तुकडे, त्यांवर लसूण, मीठ व कोथिंबीर एकत्र वाटलेले, वर ऑलिव्हचे तेल, उकळते पाणी, आणि त्यातच शिजविलेले अंडे. गरिबाचे अन्न, शेतमजुरांनी पिढ्यान् पिढ्या ह्यावर दिवस काढले. वाटणाचा वास दरवळताच सौ. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. युरोपात आल्यापासून कोथिंबिरीच्या वासाला ती आसुसली होती. तिला पोर्तुगीज येत नाही, बाईंना मराठी येत नाही. पण दोघी उखळीभोवती उभ्या राहून बराच वेळ बोलत होत्या. 'पाव' हा शब्द दोघींचा एकच निघाला. मग 'बटाटा' निघाला, 'काजू' निघाला, 'चावी' निघाली. 'पगार' निघाला तेव्हा दोघीही हसल्या.

मोंसाराशच्या जुन्या न्यायकचेरीच्या भिंतीवर पंधराव्या शतकातले एक चित्र आहे. कित्येक वर्षे ते एका भिंतीआड दडलेले होते. १९५८ साली उजेडात आले. त्यात दोन न्यायाधीश आहेत. एक सरळ, गंभीर. दुसऱ्याला तोंडे दोन, आणि दोन्ही बाजूंचे पक्षकार त्याला काही ना काही देत आहेत. लाचलुचपतीचे ते चित्र न्याय करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहावे अशी योजना होती. ह्या कल्पनेचे आम्हांस फार कौतुक वाटले.

तटावरून पूर्वेस पाहिले की खाली पाणीच पाणी. ग्वादियाना नदीवर आल्केव्हा येथे बांधलेल्या धरणाचे दरवाजे २००२ साली बंद झाले आणि २५० चौरस किलोमीटरांचा जलाशय झाला. पूर्वी नदी ही सीमा होती. आता बऱ्याच भागात सीमारेषा ह्या पाण्याखालून जाते. लूझ नावाचे एक गाव त्यात बुडाले. गावकऱ्यांना त्याच नावाचे नवे गाव बांधून देण्यात आले. स्मशानातील मृतांनासुद्धा तेथे हलविण्यात आले. कोयना आणि उजनीच्या काठची माणसे हे वाचून काय म्हणतील, ते मी त्यांच्यावरच सोडतो.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे एल्वश. हे गाव नव्हे, लष्करी शहर. स्पेनचे बादाहोस शहर येथल्या तटावरून डोळ्यांनी दिसते, एवढी सीमा जवळ. १५८० पासून ६० वर्षे पोर्तुगालवर स्पेनच्या राजाची सत्ता होती. १६४० साली ती झुगारल्यावर जे युद्ध पेटले ते २८ वर्षे चालले, आणि त्या युद्धाचे दार म्हणजे एल्वश. म्हणून शहराभोवती ताऱ्याच्या आकाराची तटबंदी, बाहेर खोल खंदक, शेजारच्या टेकड्यांवर स्वतंत्र किल्ले. जानेवारी १६५९ मध्ये ह्या तटांबाहेर मोठी लढाई होऊन स्पॅनिश सैन्याचा वेढा मोडला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आपल्याकडे प्रतापगडाखाली काय घडले ते वाचकांस सांगावयास नको. ही सारी तटबंदी २०१२ सालापासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मला मात्र तटांपेक्षा तेथील नळ अधिक आवडला. डोंगरावरच्या गावाचे खरे संकट शत्रू नव्हे, पाणी. एल्वशच्या विहिरी अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा सोळाव्या शतकात सात किलोमीटरांवरून दगडी कमानींवरून पाणी आणण्याचे ठरले. कमानी ८४३, दरी खोल आहे तेथे त्यांचे चार मजले, उंची ३१ मीटर. काम इतके रेंगाळले की शहरात पाणी पडले ते १६२२ साली. पैशासाठी बाजारातील मालावर पाण्याचा म्हणून खास कर बसविला होता, आणि ज्यांनी तो प्रथम भरला त्यांच्या नातवंडांनी पाणी प्याले. पुन्हा तेच, बुचाच्या झाडासारखे.

एल्वशहून थोड्या अंतरावर ग्वादियानावर एक मोडका पूल आहे. १७०९ साली स्पॅनिश सैन्याने तो उडविला. त्यानंतर तो कुणी दुरुस्त केला नाही. दोन्ही तीरांवर कमानी उभ्या आहेत आणि मधला भाग नाही. पलीकडचे ओलिवेन्सा गाव शतकानुशतके पोर्तुगालचे होते. १८०१ च्या युद्धात ते स्पेनने घेतले, आणि पोर्तुगालने ते गेल्याचे आजपर्यंत कायद्याने मान्य केलेले नाही. भांडण मात्र कोणी करीत नाही. २००० साली शेजारी नवा पूल झाला; बायका त्यावरून बाजाराला ये-जा करतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी सां मामेद डोंगराच्या रांगेत शिरलो. येथे हवा थोडी निवते. बुचाच्या जोडीला चेस्टनटची झाडे दिसू लागतात. मार्वांवचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८६० मीटर उंच, उभ्या कड्यावर बसलेले. तट कोठे संपतो आणि कातळ कोठे सुरू होतो हे खालून कळत नाही. नवव्या शतकात बादाहोस शहर वसविणारा इब्न मरवान ह्या कड्याच्या आश्रयाने राहिला; मार्वांव हे त्याचेच नाव. त्याच्या नंतर गड ख्रिस्ती राजांकडे गेला. १२९७ साली पोर्तुगाल व कास्तील ह्यांच्यात तह होऊन सीमा ठरली. ती थोड्या फेरफारांनिशी आजही तीच आहे, म्हणजे युरोपातील अगदी जुन्या सीमांपैकी ही एक. त्या काळच्या दिनीश राजाने सीमेवरील किल्ले मजबूत केले. आम्ही पाहिलेल्या बहुतेक गडांवर त्याचे नाव ऐकू आले.

गडाच्या आत शिरताच एक प्रचंड टाके आहे. दगडी कमानींचे छत, खाली काळेशार पाणी, आणि हाक मारली तर ती कितीतरी वेळ घुमत राहते. किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे असा उपदेश रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात केला आहे. त्यांना ही इमारत खचित पसंत पडली असती.

तटावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पुतण्याने त्यांना गोष्टींत गुंतविले. स्पेनमधील यादवी १९३९ साली संपल्यावर तिकडे सर्वच वस्तूंचा दुष्काळ होता. इकडे आफ्रिकेतील वसाहतींतून कॉफी येई. ती भाजून, पाठीवर गोण्या बांधून, सीमेवरची माणसे रात्री डोंगर ओलांडीत. ह्या गृहस्थांचे वडीलही त्यांतलेच. पायात दोरीच्या तळव्यांचे जोडे, आवाज होऊ नये म्हणून. "तुम्हीसुद्धा जात होता काय?" असे मी विचारविले. ते नुसतेच हसले, आणि खालच्या दरीकडे बोट करून एक वाट दाखवू लागले. ती आम्हांला काही दिसली नाही.

मार्वांवहून कास्तेलु द विद अगदी जवळ, पाऊण तासाचाही रस्ता नाही. ज्याच्यासाठी एवढा प्रवास केला त्या गावात शिरताना मन थोडे अधीर झाले होते. खालच्या अंगाला एक सुबक कारंजे आहे. संगमरवरी खांबांवर शिखर, मधून चार धारा. त्याच्यापासून एक अरुंद, उभी गल्ली किल्ल्याकडे चढते. हीच यहुद्यांची जुनी वस्ती. दोन्ही बाजूंना कुंड्यांची रांग, प्रत्येक उंबऱ्याशी फुले, आणि दारांच्या चौकटी टोकदार कमानींच्या. त्या गावात अशा चौकटी इतक्या आहेत की आपण त्या मोजण्याचे लवकरच सोडून देतो.

१४९२ च्या मार्च महिन्यात स्पेनच्या राजाराणींनी आपल्या राज्यातील यहुद्यांना हुकूम दिला: बाप्तिस्मा घ्या, नाही तर चालते व्हा. हजारो कुटुंबे पोर्तुगालच्या सीमेकडे वळली. येथील राजाने डोईपट्टी घेऊन आठ महिने राहण्याची परवानगी दिली. गार्सियाचा बाप वालेंसिया द आल्कांताराचा, आई आल्बुर्केर्केची; दोन्ही गावे सीमेच्या पलीकडे, येथून एका दिवसाच्या टप्प्यात. ज्या तटबंद्या स्पेनला अडविण्यासाठी बांधलेल्या, त्यांच्या आड स्पेनमधून हाकललेली माणसे येऊन राहिली. परंतु पाचच वर्षांनी, १४९७ साली, पोर्तुगालच्या राजाने सर्व यहुद्यांना बळाने ख्रिस्ती करून घेतले. पळून जाण्यास आता वाटच नव्हती. त्यानंतर चारएक वर्षांनी गार्सिया जन्मला. कागदोपत्री तो ख्रिस्ती. घरात काय चालत असे ते दार लावून.

गल्लीच्या वळणावर जुने प्रार्थनामंदिर आहे. बाहेरून ते शेजारच्या घरांहून निराळे दिसत नाही. आत धर्मग्रंथाची गुंडाळी ठेवण्याचा दगडी कोनाडा राहिला आहे. २००९ पासून तेथे संग्रहालय केले आहे. तेथून निघाल्यावर पुतण्याने एका दाराच्या चौकटीतील खाच आम्हांला दाखविली. बोटभर रुंद, वीतभर लांब. यहुदी कुटुंबे घराच्या दाराशी धर्मवचनांचा चर्मपत्राचा तुकडा बसवितात. येता-जाता त्याला हात लावून तो हात ओठांना लावण्याची रीत आहे. तुकडा गेला, खाच उरली.

सौभाग्यवतीने त्या खाचेवरून बोट फिरविले आणि ती तेथेच पायरीवर बसली. मला वाटले, चढणीने दमली असेल. थोड्या वेळाने म्हणाली, "आमचा देव रात्री नदीपार गेला."

तिच्या माहेरचे कुलदैवत मंगेश. मूळ स्थान साष्टीच्या बाजूस कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी. १५६० साली पोर्तुगीजांच्या भयाने भक्तांनी ते लिंग जुवारी नदी ओलांडून प्रियोळास नेले. त्या वेळी तो मुलूख त्यांच्या सत्तेबाहेर होता. आज मंगेशी म्हणून जे देवस्थान प्रसिद्ध आहे ते हेच. ही गोष्ट तिने लहानपणी आजीकडून शंभर वेळा ऐकलेली. मला ती लग्नानंतर ऐकावयास मिळाली, आणि खरे सांगावयाचे तर मी ती कधी फारशी मनावर घेतली नव्हती.

त्याच १५६० साली गोव्यात धर्मन्यायसभा स्थापन झाली. लिस्बनमध्ये ती त्याआधीच होती. गार्सियाच्या बहिणींना तेथे अटक झाली होती, आणि सुटल्यावर १५४९ मध्ये त्याची आई व बहिणी त्याच्या आश्रयास गोव्याला आल्या. गार्सिया मोठमोठ्या अधिकाऱ्यांचा वैद्य, त्यांचा मित्र. तो जिवंत असेपर्यंत कुणी हात लावला नाही. १५६८ साली तो वारला. त्याची बहीण कातारीना हिला पकडण्यात आले आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जिवंत जाळण्यात आले. गार्सियाला मृत्यूनंतरही सुटका नव्हती: १५८० साली त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. गोव्यातील ती न्यायसभा कायमची बंद झाली ती १८१२ साली. दरम्यान त्याच्या पुस्तकाचा लॅटिन सारांश १५६७ मध्येच अँटवर्पला छापून निघाला होता, आणि युरोपातील वैद्य त्यावरून आपल्या वनस्पती शिकत होते.

मार्च १९८९ मध्ये पोर्तुगालचे अध्यक्ष मारियो सोआरिश ह्याच गावी आले आणि यहुद्यांवर झालेल्या छळाबद्दल त्यांनी राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली. मी हे सौ.ला सांगितले. "चांगले केले," ती म्हणाली. आणखी काही बोलली नाही.

सायंकाळी आम्ही गावचे स्मशान पाहण्यास गेलो. कारण ह्या गावचा आणखी एक पुत्र तेथे आहे. कॅप्टन साल्गेरू माया ह्याचा जन्म येथला, १९४४ चा. २५ एप्रिल १९७४ रोजी पहाटे सांतारेंहून रणगाड्यांची तुकडी घेऊन जो तरुण अधिकारी लिस्बनमध्ये शिरला आणि ज्याने जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही एका दिवसात शरण आणली, तो हा. नंतर त्याने कसलेही मोठे पद घेतले नाही. १९९२ साली वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे कबर अगदी साधी आहे. ह्या क्रांतीचा आपल्याशीही संबंध आहे. गोवा १९६१ साली स्वतंत्र झाला तरी लिस्बनचे सरकार ते मानावयास तयार नव्हते. क्रांतीनंतर आलेल्या सरकारने मात्र त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला भारताशी करार करून गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. एकाच उभ्या गावाचे हे दोन पुत्र, आणि दोघांचेही धागे मांडवीच्या तीरी येऊन पोचलेले.

शेवटच्या दिवशी गार्सियाच्या वडिलांचे गाव पाहावे म्हणून सीमा ओलांडली. पूर्वीच्या नाक्याची इमारत रिकामी आहे. १९९५ पासून येथे कुणी परवाना विचारीत नाही. एक निळी पाटी आली आणि आम्ही स्पेनमध्ये होतो. घड्याळ मात्र एक तास पुढे करावे लागले. वालेंसिया द आल्कांताराला पोचलो तेव्हा पुन्हा दुपार, पुन्हा सारे बंद. जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांतून हिंडलो. तशाच टोकदार चौकटी, तशाच कुंड्या, तेवढ्याच अरुंद वाटा. कास्तेलु द विदच्या सुताराने व पाथरवटाने येथे येऊन काम केले असावे, किंवा येथल्यांनी तिकडे जाऊन. त्या माणसांनी नव्या गावी जाऊन आपली जुनी गल्लीच पुन्हा बांधली की काय, असे मनात आले. आल्बुर्केर्केला जाण्याची माझी फार इच्छा होती. आफोंसो द आल्बुकेर्क ह्या गोवा जिंकणाऱ्या सेनापतीच्या घराण्याचे नाव त्याच गावावरून आलेले, आणि आपला हापूस त्याच्याच नावाचा म्हणतात. पण पुतण्याने उष्णतामापकाकडे बोट दाखविले. त्यावर ४३ होते.

"काका, तुम्ही सोलापूरचे," तो म्हणाला, "मी नाही."

तेव्हा मागे फिरलो. सौ.ने कारंज्याशी मोटार थांबवावयास लावली. चार बाटल्या भरून घेतल्या, पाचवी तोंडावर ओतून घेतली, आणि मोंसाराशच्या बाईंनी कागदात बांधून दिलेली कोथिंबिरीची जुडी पाण्यात बुडवून पुन्हा ताजी केली.